दुसऱ्यातून तिसऱ्यात

मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय, तुमची ती जुनी गाडी अजून पळते का?" पाठोपाठ दुसरा येतो. "एवढ्या पैशात एखादी नवी नसती का आली?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही. पहिल्याचं मात्र एकदा सविस्तर द्यावं असं बरेच दिवस मनात होतं. गाडी पळते, आणि ती नीट पळायला कशी लागली याची एक गोष्ट आहे. त्या गोष्टीत दात्यांची चाकं आहेत, बरेचसे भागाकार आहेत, आणि पुण्यातला एक फोटो आहे, ज्यात आमच्यापैकी एकजण नाही.

गाडी म्हणजे १९६६ सालची एम.जी.बी. रोडस्टर. ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं या गाड्या बनल्या. दोन माणसांची, उघड्या टपाची, १७९८ सी.सी.च्या चार सिलिंडरवाल्या इंजिनाची. आमच्याकडे आली तेव्हा आधीच्या मालकाने शर्यतीसाठी तिच्यात पुष्कळ फेरफार केलेले होते. इंजिनात तापट स्वभावाचा कॅमशाफ्ट होता, कार्ब्युरेटर मोठे होते, डोक्यावर लोखंडी नळ्यांची कमान होती. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल मात्र कारखान्यातून निघाले तसेच होते. सगळं दुखणं तिथेच होतं, पण ते आम्हाला कळायला दीड वर्ष लागलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शर्यतीत गाडी चालवते ती आमच्यातली ‘ती’. स्टॉपवॉच घेऊन कठड्याशी उभा राहतो आणि वहीत आकडे मांडतो तो आमच्यातला ‘तो’. उलट समजणारांची संख्या मंडळात मोठी असल्यामुळे हा खुलासा.

आता थोडं गिअरविषयी. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी खुशाल पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं, पण चाकं तेवढी फिरत नाहीत. मधे दोन ठिकाणी फेरे कमी केले जातात. पहिलं ठिकाण गिअरबॉक्स. तिथे आपल्याला हातातल्या दांड्याने चारांपैकी एक प्रमाण निवडता येतं. दुसरं ठिकाण मागच्या ॲक्सलमधलं डिफरन्शिअल. तिथलं प्रमाण एकच, ते चालवताना बदलता येत नाही. आमच्या गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण ३.६४, दुसऱ्याचं २.२१, तिसऱ्याचं १.३७ आणि चौथ्याचं १, म्हणजे चौथ्यात इंजिन आणि मागे जाणारा दांडा बरोबरीने फिरतात. डिफरन्शिअलचं प्रमाण ३.९. ते येतं ४३ दात्यांचं क्राउन व्हील आणि ११ दात्यांचं पिनियन यांच्यामुळे. दात्यांचे हे आकडे मुद्दाम एकमेकांना भाग न जाणारे ठेवतात. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता पाळीपाळीने मोठ्या चाकाच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. पंगतीत एकाच बाजूला वाढपी पुन्हा पुन्हा येऊ नये, तशातली ही व्यवस्था.

२००८ सालच्या शरद ऋतूत आम्ही पहिल्यांदा लेस्टरशरमधल्या मॅलरी पार्कला गेलो. एका तळ्याभोवती वळसे घेणारा, १.३५ मैलांचा छोटासा ट्रॅक. पण त्या एवढ्याशा अंतरात दोन टोकं आहेत. जेरार्ड्स नावाचं लांबच लांब उजवं वळण आणि त्यापुढची सरळ वाट इथे गाडी शंभरीला टेकते. पलीकडच्या टोकाला शॉज हेअरपिन, जिथे जेमतेम तीस मैलांनी फिरून परत यावं लागतं. तिथून सुटलं की लगेच डेव्हिल्स एल्बो हे उताराचं डावं वळण. गिअरची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

त्या दिवशी गाडीतून उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की गाडी श्वासच सोडते. पाय तळाला टेकवून ठेवला तरी काही होत नाही. मग एकदम जाग येते."

त्याने वहीत लिहिलं, ‘गाडीला जोर कमी.’ इथे पहिली चूक झाली. ती काय म्हणाली आणि त्याने काय लिहिलं, यात फार अंतर होतं.

वहीत दुसराही एक आकडा होता. सरळ वाटेच्या शेवटी चौथ्या गिअरमध्ये इंजिन ६००० फेऱ्यांवर जात होतं. त्याची मर्यादा ६५००. म्हणजे ५०० फेरे न वापरताच वाया. त्याचा विचार असा : डिफरन्शिअलचं प्रमाण वाढवलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकांना जोर जास्त मिळेल आणि ते वाया जाणारे ५०० फेरेही कामी येतील. विचार तसा खोटा नव्हता. गिअरबॉक्समधले दाते बदलायचे तर भारताच्या दोन तिकिटांएवढा खर्च होता, आणि २००९च्या डिसेंबरात तिच्या आईची पंच्याहत्तरी होती. डिफरन्शिअल मात्र स्वस्तात होण्यासारखं होतं.

जुन्या सुट्या भागांच्या एका बाजारात, चिखलात अंथरलेल्या ताडपत्रीवर, आम्हाला एम.जी.ए. या थोरल्या बहिणीचं डिफरन्शिअल मिळालं. दाते ४१ आणि ९, प्रमाण ४.५५. आमच्या गाडीचा ॲक्सल जुन्या, पोटाशी गोल बॅन्जोसारख्या धाटणीचा असल्यामुळे अख्खा गड्डा समोरून काढून दुसरा बसवता येतो. पुढच्या काळातल्या नळीसारख्या ॲक्सलवर हे काम फार किचकट असतं. एका रविवारी, मधे दोनदा चहा घेऊन, ते बसलंसुद्धा.

पहिल्या सरावाला तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. तिने सांगितलं की स्पीडोमीटरचा काटा ११५च्या आसपास गेला! आता वाचकांपैकी जे इंजिनिअर असतील त्यांना हसू आलं असेल. स्पीडोमीटरची तार निघते गिअरबॉक्समधून. मागे डिफरन्शिअलमध्ये काय बदललं याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो. शिवाय आमची चाकं मूळ चाकांपेक्षा लहान होती. काटा ११५ म्हणत होता तेव्हा गाडी खरी धावत होती ९३ मैलांनी. स्टॉपवॉचला मात्र कुणी फसवू शकत नाही. आधी ६२.४ सेकंदांत होणारी फेरी आता ६२.९ सेकंदांत होत होती. आणि ती पुन्हा तेच म्हणत होती. "अरे, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की अजूनही तसंच होतंय."

"सवय होईल," तो म्हणाला. संसारात हे दोन शब्द किती ठिकाणी वापरले जातात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

जुलै २००९. शर्यतीची शेवटची तिसरी फेरी. पुढच्या गाडीच्या मागोमाग, तिने फोडलेल्या हवेच्या पोकळीत शिरून ती सरळ वाटेवर आली. त्या पोकळीत गाडी नेहमीपेक्षा जास्त पळते. ४.५५ प्रमाणात शंभर मैल म्हणजे जवळजवळ ७००० फेरे. मर्यादा ६५००. पाय उचलायचा तर पुढचा निसटणार. तिने पाय उचलला नाही. काटा ७०००च्या पलीकडे गेला, इंजिनातून टकटक आवाज आला आणि गाडी तीन पायांवर लंगडत बाजूला झाली. घरी उघडून पाहिलं तर एक पुशरॉड वाकलेला, आणि एक व्हॉल्व्ह आपल्या जागी नीट बसत नव्हता.

दाते त्याने आणले होते, पाय तिने उचलला नव्हता. खापर फोडायला घरात दोनच डोकी. दोन दिवस घरात फक्त मुलांशी बोलणं चाललं होतं. दुरुस्तीचं बिल आलं ते बरोबर एका तिकिटाएवढं. डिसेंबरात पुण्याला ती एकटीच गेली. पंच्याहत्तरीच्या फोटोत सगळे जावई आहेत, एक सोडून. "गाडीचं काम निघालं," असं तिने सांगितलं, आणि नातेवाइकांनी समजूत करून घेतली की त्याची कामावर जायची गाडी बंद पडली असावी. तिने ती समजूत तशीच राहू दिली.

ती पुण्याला असताना तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसला. या वेळी त्याने सुरुवात तिच्या वाक्यापासून केली. ‘दुसऱ्यातून तिसऱ्यात.’

आधी गॅरेजमध्ये टायरवर खडूची खूण केली, गाडी एक पूर्ण फेरा ढकलली आणि जमिनीवर टेप लावला. १७६ सेंटिमीटर. त्यावरून हिशेब केला की चौथ्या गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना किती मैल वेग मिळतो ते ६५.६ला डिफरन्शिअलच्या प्रमाणाने भागलं की कळतं. ३.९ला १६.८ मैल, ४.१ला १६, ४.३ला १५.३, ४.५५ला १४.४. मग आलेख कागदावर आडवा वेग आणि उभे फेरे घेऊन चारही गिअरच्या रेषा काढल्या. वर चढायचं, ६५००ला पुढचा गिअर टाकायचा, सरळ खाली यायचं, पुन्हा चढायचं. करवतीच्या दात्यांसारखं चित्र तयार होतं.

ते चित्र पाहिल्यावर तो बराच वेळ गप्प बसला असावा. करवतीचा एक दाता भलताच खोल होता. दुसऱ्या गिअरमध्ये ६५००ला पोचून तिसरा टाकला की फेरे पडतात ४०३०वर. आमच्या तापट कॅमशाफ्टचं इंजिन खरं काम करतं ४२०० ते ६५००च्या मधे. कारण असा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. जलद फेऱ्यांत त्यामुळे हवा भरपूर आत येते, सावकाश फेऱ्यांत मात्र आत आलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं. म्हणजे तिसरा गिअर टाकताक्षणी इंजिन झोपेच्या प्रदेशात जाऊन पडत होतं. ती ‘श्वास सोडते’ म्हणत होती, ते अक्षरशः खरं होतं.

आणि गंमत अशी की डिफरन्शिअल कोणतंही घाला, हा ४०३० बदलत नाही! कारण दोन गिअरमधली उडी गिअरबॉक्स ठरवतो. डिफरन्शिअल सगळा जिनाच्या जिना वर किंवा खाली सरकवतं, पण पायऱ्यांमधलं अंतर तेच राहतं. ३.९च्या वेळी तो खड्डा ४९ मैलांना यायचा, ४.५५च्या वेळी ४२ला यायला लागला, एवढाच काय तो फरक. खड्डा बुजवण्याऐवजी आम्ही तो रस्त्यात थोडा अलीकडे आणून ठेवला होता, आणि वर सरळ वाटेवर इंजिनाचा बळी दिला होता.

त्याने पुण्याला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं," तो म्हणाला. तिने विचारलं, "कशाबद्दल?" हाही प्रश्न रास्तच म्हणायचा.

त्यानंतर मात्र सगळं दोघांनी मिळून केलं. आधी नियमावली वाचली. जुन्या गाड्यांच्या ज्या शर्यती आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे होतात, तिथे त्या काळी मंजूर झालेलीच प्रमाणं वापरावी लागतात. क्लबांच्या शर्यतींत वर्गावर्गाप्रमाणे मोकळीक असते. आमच्या वर्गात गिअरबॉक्सचे जवळजवळ बसवलेले दाते चालत होते. त्यांची प्रमाणं २.४५, १.६२, १.२७ आणि १. आलेखावर हे मांडलं तेव्हा करवत कशी छान दिसायला लागली. ६५००वरून दुसऱ्यात ४३००, तिसऱ्यात ५०९०, चौथ्यात ५१३०. कुठेही झोपेचा प्रदेश नाही. वरच्या गिअरमधल्या उड्या लहान आहेत हेही योग्यच, कारण वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. वर इंजिनाकडे शिल्लक जोर थोडा असतो, तिथे खोल पडून चालत नाही. खाली एक मोठी उडी चालून जाते.

मग डिफरन्शिअल. ते निवडायचं ट्रॅकवरच्या सर्वांत जलद जागेवरून. शंभरला थोडी भर घालून १०२ मैल धरले. ४.३ घेतलं तर ६६८० फेरे, म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर. ४.१ घेतलं तर ६३८०. दुसऱ्याच्या पोकळीत शिरलो तर हात राखून सव्वाशे फेरे उरतात. ४१ आणि १० दात्यांचं ते डिफरन्शिअल १९६१-६२च्या एम.जी.ए.मध्ये असायचं. शेवटी सर्वांत हळू जागा तपासायची. हेअरपिनला तीस मैलांत पहिल्या गिअरमध्ये ४५९० फेरे. इंजिन जागं. जुन्या बॉक्समध्ये तिथे दुसऱ्यात ३९६० मिळत होते आणि पहिला गिअर मर्यादेला टेकत होता, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

दोन तिकिटांचे पैसे त्या गिअरबॉक्सवर गेले, आणि पुण्याची पुढची फेरी आणखी एक वर्ष लांबली, हेही इथे लिहायला हवं. फुकट काहीच मिळत नाही. नवे दाते सरळ कापाचे. साध्या गाडीतले दाते तिरके असतात म्हणून ते गुपचूप फिरतात. हे मात्र पिठाच्या गिरणीसारखे ओरडतात. पहिला गिअर आता उंच झाला. पूर्वी चाकांपर्यंत एकूण १४.२ पट जोर मिळायचा, आता १०. त्यामुळे शर्यत सुरू होताना क्लच अर्धवट धरून गाडी ओढावी लागते, आणि क्लच लवकर झिजतो. २०१०च्या पहिल्याच शर्यतीत सुरुवातीला तीन गाड्या तिला मागे टाकून गेल्या.

त्यांतल्या दोन तिने हेअरपिननंतर परत गाठल्या. गाडी एल्बोच्या उतारावर अशी निघाली, की कठड्याशी उभ्या असलेल्याला आवाजावरूनच कळलं. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात एस.टी.त बसलं की ड्रायव्हरने गिअर वेळेवर टाकला की नाही, हे डोळे मिटूनही कळायचं ना, तसंच. आवाज खाली पडलाच नाही. फेरी ६१.२ सेकंदांत झाली.

उतरल्यावर त्याने वही पुढे केली आणि म्हणाला, "सांग." ती जे जे बोलली ते त्याने तसंच्या तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. आज त्या वहीत आकड्यांपेक्षा तिची वाक्यंच जास्त आहेत. ‘एल्बोला गाडी हसते.’ ‘चौथ्यात जरा घाई वाटते.’ एखाद्या इंजिनिअरला दाखवली तर तो आम्हाला वेड्यात काढेल. पण ही वाक्यं नसली तर कोणता भागाकार करायचा, हेच कळत नाही.

जुनं ३.९चं डिफरन्शिअल आम्ही मोडीत घातलं नाही. थ्रक्सटनसारख्या खूप जलद ट्रॅकवर जायचं असेल तर एका रविवारी ते परत चढतं. प्रत्येक गावाला सोयीचं असं एकच प्रमाण नसतं, हे परदेशी राहणाऱ्यांना काय सांगावं? ४.५५चा गड्डा मात्र गॅरेजच्या दारात, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेला आहे. ते काम तो चोख करतो.

शेजारी भिंतीवर पंच्याहत्तरीचा तो फोटोही लावला आहे. लावायची सूचना त्याचीच. आईंच्या ऐंशीला आम्ही दोघंही पुण्यात होतो, तो फोटो दिवाणखान्यात आहे.

तर मंडळी, पुढच्या गणपतीत विचाराल तेव्हा आमचं उत्तर तयार आहे. हो, पळते. आणि तुमच्यापैकी कुणाच्या गॅरेजमध्ये अशी एखादी म्हातारी उभी असेल, तर दाते विकत घेण्याआधी खडू, टेप आणि आलेख कागद घ्या. त्याच्याही आधी, जो चालवतो त्याला विचारा, आणि तो जे सांगेल ते तसंच लिहून घ्या.